पाहुण्याला काम द्या: गावातल्या घरात नाटक कसं बसवावं

सतरा हंगाम मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या, नाटकांत प्रॉम्प्टर होतो. दिवाळी आटोपली की वडशाहून गाडी निघायची, आणि होळीपर्यंत रोज नवं गाव, नवा मंडप. नट प्रेक्षकाला तोंड दाखवतो, प्रॉम्प्टर विंगेत बसून प्रेक्षकांची तोंडं पाहतो. एकदा लाखांदूरकडच्या एका गावात रात्रीचे तीन वाजले असतील. सावकार कागद पुढं करतो, म्हातारा बाप अंगठा शाईत बुडवतो, असा प्रवेश. तेवढ्यात मंडपातून एक म्हातारी ओरडली, "नको देऊ गा बापू अंगठा!" नट थबकला. मी वाक्य फेकलं, पुन्हा फेकलं, त्याच्या तोंडून निघेना. तो तिच्याकडं पाहत राहिला. शेवटी अंगठा दिला, कारण वहीत तसं लिहिलं होतं. म्हातारी चवाळं झटकून उठली आणि मंडपाबाहेर गेली ती परत आली नाही.

तिला उठून जावं लागू नये असं नाटक कसं असेल, हे तेव्हापासून डोक्यात होतं. आता मी गाडीवर जात नाही. ब्रह्मपुरी तालुक्यात दोन एकर धान आहे. धान निघून मळणी झाली की आम्ही सात जण एका घरात नाटक करतो. स्टेज नाही, खुर्च्या नाहीत, माइक नाही. छत्तीस पाहुणे येतात, घरभर फिरतात आणि त्यांच्या हातूनच नाटक पुढं सरकतं. चार वर्षांत अकरा प्रयोग झाले. त्यातले पहिले दोन फसले. हे कसं बसवता, असं विचारणारे फोन वाढले म्हणून लिहून काढतो आहे. फसलेलंही सांगतो, कारण खरी शिकवण तिथंच झाली.

हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. पोळ्याला तोरणाखाली एक जण झडती, म्हणजे पोळ्याचं पद, म्हणतो आणि सगळं गाव "हर बोला हर हर महादेव" म्हणून ती पुरी करतं. तिथं प्रेक्षक कोण? भुलाबाईची गाणी संपली की पोरी डब्यातला खाऊ ओळखायला लावतात, आणि ओळखणाऱ्याशिवाय तो खेळ होतच नाही. बनारससमोरच्या रामनगरची रामलीला महिनाभर चालते. तिथं माइक नाही, विजेचे दिवे नाहीत. अयोध्या एका ठिकाणी, लंका दुसऱ्या ठिकाणी, आणि लोक रोज रामाच्या मागं चालत जातात. म्हणून "आमच्या लोकांना हे झेपेल का" असं कोणी विचारलं की मला हसू येतं. लोकांना झेपतं. नटांना झेपत नाही.

आधी घर, मग गोष्ट

संहिता लिहून मग घर शोधायला निघू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि तीन प्रवेश फाडून टाकावे लागले. घर पाहा, घरात दोन दिवस बसा, कुठल्या दारातून आवाज कुठं जातो ते ऐका. मला लागतं ते जुनं मातीचं घर. पुढं सपरी म्हणजे ओसरी, मधे माजघर, बाजूला रांधणी, मागं गुरांचा कोठा आणि त्यामागं विहिरीची सांदवाडी, म्हणजे परसू. दोन दारं हवीतच. एकाच दाराच्या घरात तीन टोळ्या फिरवल्या तर उंबऱ्यात चेंगराचेंगरी होते.

घराच्या मालकाचा कुणाशी वाद चालू नाही ना, ते चहा पिता पिता काढून घ्या. आमचं नाटक वाटणीचं आहे. बाप वारला, तेरवीचा दिवस, तीन एकर धानाच्या बांध्या, दोन भाऊ आणि एक बहीण, आणि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा बेत. पहिल्या वर्षी आम्ही ज्या घरात हे करायला निघालो, त्या घरातल्याच लेकीची केस तहसीलला पडलेली होती. मला माहीत नव्हतं. नाटक सुरू झाल्यावर घरमालक पांढराफटक पडला आणि त्याची बायको रांधणीत जाऊन रडत बसली. प्रयोग तिथंच थांबवला. तेव्हापासून दोन गोष्टी ठरल्या. विषय गावातल्या चालू भांडणाचा घ्यायचा नाही, आणि पात्रांना त्या गावात नसलेली आडनावं द्यायची.

विहीर असेल तर तोंडावर बंडीची जुनी चाकं आडवी टाकून दोराने जाम बांधा, बादली उतरेल एवढीच फट ठेवा. अंधारात पाहुणा मागं सरकतो, पुढं नाही. कोठ्यातली जनावरं दुपारीच दुसरीकडं हलवा. एवढी माणसं पाहून गाय बिचकते. एक म्हातारा बैल ठेवता येतो, पण त्याचा मालक दाव्याजवळ उभा हवा. कोठ्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, असते, म्हणून तिथं तेलाचा कंदील बंद, बॅटरीचाच. हे मी तीनदा सांगतो आणि तरी कुणीतरी बिडी पेटवतोच. त्यासाठी सांदवाडीत एक कोपरा राखून ठेवा.

चपला दारातच काढायला लावा. जमीन सारवलेली असते हे एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे. अनवाणी झालेला माणूस आपोआप पाहुण्यासारखा वागतो. चपला पायात असल्या की तो सर्कस पाहायला आल्यासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहतो. छत्तीस जोड्या सारख्याच दिसतात आणि शेवटी तिथंही एक नाटक होतं, ते सोडून द्या.

परवानगीचं थोडक्यात. ग्रामपंचायतीला कळवा, पोलीस ठाण्यात अर्ज द्या, आणि जाहीर प्रयोग असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्या. रात्री दहानंतरच्या भोंग्याच्या नियमाची आम्हाला भीती नाही, कारण भोंगाच नाही. आम्ही सातला सुरू करून साडेआठला जेवायला बसवतो.

तीन ठिकाणी, एकाच वेळी

पाहुण्यांच्या बारा-बारांच्या तीन टोळ्या करा. दारात हातावर दोरा बांधायचा: लाल म्हणजे माहेरचे, पिवळा म्हणजे सासरचे, पांढरा म्हणजे गावचे पंच. नवरा-बायकोला वेगळ्या टोळीत टाका. ते कुरकुरतात, पण घरी जाताना रस्ताभर एकमेकांना विचारत जातात, आणि आपल्याला तेच हवं असतं.

आता गंमत अशी की तीन जागी तीन प्रवेश एकाच वेळी चालतात. सपरीत मोठा भाऊ तेराव्याच्या खर्चाचा आणि सोसायटीच्या कर्जाचा हिशोब मांडतो. कोठ्यात धाकटा भाऊ जमीन घेणाऱ्या दलालाशी कुजबुजतो. रांधणीत बहीण आणि वहिनी लाखोरीची डाळ निवडत बसतात. प्रत्येक प्रवेश सात मिनिटांचा. सात मिनिटांनी टोळ्या जागा बदलतात आणि नट तोच प्रवेश पुन्हा करतो. असा तीनदा. म्हणजे बहिणीचं काम करणाऱ्या बाईला एका संध्याकाळी तीनदा डोळ्यांत पाणी आणावं लागतं, आणि तिसऱ्यांदा ते येत नाही. आम्ही प्रवेशच बदलला. आता ती रडत नाही. डाळीतला खडा दाताखाली आल्यासारखं तोंड करते आणि गप्प होते. तिन्ही वेळा जमतं, आणि रडण्यापेक्षा जास्त लागतं.

लिहिताना एकच पथ्य: कुठलाही प्रवेश आधी पाहिला, मागून पाहिला, तरी समजला पाहिजे. "मघाशी सपरीत ठरलं तसं" असलं वाक्य एकही नको, कारण एका टोळीसाठी सपरी अजून यायची आहे. माहिती मात्र तिन्हीकडं वेगळी पेरा. कर्ज किती उरलंय ते सपरीतच कळतं. दलालाने इसार आधीच दिलाय ते फक्त कोठ्यात कळतं. बहिणीला बापाने शेवटी काय सांगितलं ते फक्त रांधणीत. कोण काय आधी ऐकतो त्यावर कोण कुणाच्या बाजूने झुकतो ते ठरतं. पहिल्यांदा कोठ्यात गेलेली टोळी मोठ्या भावाकडं दयेने पाहते. पहिल्यांदा सपरीत बसलेली टोळी त्याच्या हिशोबाच्या वहीवरच संशय घेते. वाक्यं तीच, नट तोच.

सगळ्यांना एकाच वेळी जागा बदलायला कसं सांगायचं? घंटा वाजवली की शाळा वाटते. आम्ही विहिरीची गडगडी वापरतो. सांदवाडीत एक पोरगा बसवलेला असतो. तो घड्याळ पाहून रिकामी बादली सोडतो. गडगडीचा कर्रकर्र आवाज घरभर जातो, आणि तेरवीच्या घरात पाणी काढणं काही वावगं वाटत नाही. नटांनी त्या आवाजावर प्रवेश आवरायचा.

मी स्वतः पाणी देत फिरतो. हातात तांब्या, खांद्यावर दुपट्टा, कुणी लक्ष देत नाही. तांब्या उजव्या हातात असला तर ठीक चाललंय, डाव्या हातात गेला की आवरा, आणि खाली ठेवला की थांबा, काहीतरी बिघडलंय. सतरा वर्षं विंगेत बसून जे करत होतो तेच आता माणसांत बसून करतो. वाक्य विसरलेल्या नटाला पेला देताना कानात सांगता येतं.

काम

सगळ्यात जास्त डोकं इथं लावा.

पहिल्या दोन प्रयोगांत मी पाहुण्यांना पात्र करायला गेलो. "तुम्ही आता काका आहात, बोला!" असं म्हणून एका साठीच्या माणसाचा हात धरून त्याला मधे ओढलं. तो लाजला, हसला, दोन शब्द बोलला आणि पुढच्या गडगडीला मागच्या दाराने घरी गेला. दुसऱ्या दिवशी भेटला तर म्हणाला, "मास्तर, मले पोरांसमोर माकड केलं तुमी." त्याचं खरं होतं. त्यानंतर कुणाचा हात धरला नाही.

मग लग्नाच्या मांडवातली एक गोष्ट ध्यानात आली. जो पाहुणा नुसता बसतो तो नावं ठेवतो. ज्याच्या हातात वरणाची बादली दिली, तो घरचा होतो. त्याला कुणी "तू आता यजमान आहेस" असं सांगत नाही, बादली सांगते. म्हणून प्रेक्षकाला पात्र करायच्या भानगडीत पडू नका, काम द्या.

काम कसं हवं? हाताचं. येता-जाता करता येईल असं. न जमलं तर कुणाची फजिती होणार नाही असं. आणि नाटकाला खरोखर लागणारं. नाटकाला नको असलेलं काम दिलं की लोकांना लगेच वास येतो. आमच्या बारा जणांच्या टोळीत साधारण चार-पाच कामं असतात. बाकीचे नुसते बसले तरी चालतात, आणि नुसतं बसण्याचा हक्क सगळ्यांना आहे हे दारातच सांगतो.

लाखोरी निवडणं हे सगळ्यात सोपं. बायका तर सुपं पुढं आल्याबरोबर हात घालतातच, पण मी मुद्दाम दोन पुरुषांपुढंही सूप ठेवतो. हात डाळीत असले की डोळे वर करावे लागत नाहीत, आणि डोळे वर न करता माणूस पुष्कळ बोलतो. "आमच्या बहिनीनं बी लिहून देल्लं होतं," असं एका बाप्याने डाळीकडं पाहत म्हटलेलं मी ऐकलं आहे. तो नाटकात नव्हता. वहिनी त्याच्यासमोर बसली होती, तिने फक्त "मग?" एवढंच विचारलं.

सुपारी कातरणं पंचांकडं. हिशोबाची वही मोठ्याने वाचणं कुणा शिकलेल्या पोराकडं. वहीत आकडे आम्ही मुद्दाम चुकीच्या बेरजेचे लिहिलेले असतात, आणि दर प्रयोगात कुणीतरी ते पकडतंच. मोठ्या भावाची भंबेरी तिथून सुरू होते.

कंदील मात्र जपून द्या. अंधाऱ्या माजघरात ज्याच्या हातात कंदील, तोच लाइटवाला. त्याने ज्याच्या तोंडावर उजेड धरला तो दिसतो, बाकीचे नुसते आवाज. मागच्या वर्षी एका नववीतल्या मुलीकडं कंदील होता. दोघे भाऊ भांडत होते, चांगलं जोरात, नटांनी जीव तोडून केलेलं, आणि हिने सगळा वेळ उजेड दाराआड उभ्या बहिणीवर धरून ठेवला. भावांचं भांडण अंधारातच झालं. मी तांब्या डाव्या हातात घेणार होतो, मग घेतला नाही. पंचवीस वर्षं नाटक पाहतोय, इतकी चांगली प्रकाशयोजना कुणी केलेली आठवत नाही.

इंग्लंडची पंचड्रंक म्हणून कंपनी आहे. तिने न्यूयॉर्कला एका बहुमजली इमारतीत मॅकबेथच्या कथेवर असंच फिरतं नाटक २०११ पासून २०२५ पर्यंत चालवलं. तिथं प्रेक्षकांना पांढरे मुखवटे द्यायचे आणि गप्प राहायला सांगायचे. मुखवट्यामुळं माणूस भिडस्तपणा सोडून धीट होतो, असा हिशोब. आम्ही एकदा करून पाहिला. आमच्या गावात मुखवटा लावलेल्या माणसाला लोक चालीवरून ओळखतात, "अगा, गोपाळ नाही का तो" म्हणतात आणि हसत सुटतात. जिथं सगळे एकमेकांना ओळखतात तिथं मुखवट्याचं काम सुपाने होतं.

शाईची डबी

शेवटचा प्रवेश आंगणात. तिन्ही टोळ्या एकत्र येतात, बहिणीला पाटावर बसवतात, हक्कसोडपत्र पुढं येतं. इथं ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलची पद्धत वापरायचं ठरवलं होतं. हा माणूस १९७१ साली तुरुंगात गेला, देशाबाहेर पडला, आणि पेरूत साक्षरतेच्या कामात नाटक वापरू लागला. त्याच्या पद्धतीत प्रवेश एकदा वाईट शेवटापर्यंत करून दाखवतात. मग पुन्हा सुरू करतात, आणि प्रेक्षकातल्या कुणीही "थांबा" म्हणून अन्याय होणाऱ्या पात्राच्या जागी जाऊन वेगळं काही करून पाहायचं. हे सांभाळणाऱ्याला तो जोकर म्हणतो. हा शब्द मी आमच्या मंडळीसमोर उच्चारला आणि दुसऱ्या दिवशी आमचा विनोदी नट लाल टोपी घालून तालमीला आला. झाडीपट्टीत जोकर म्हणजे तोच. मग आम्ही शब्द बदलला, टोपी मात्र अजून येते.

पद्धत चांगली आहे. पोरांच्या शाळेत, बचत गटाच्या बैठकीत मी ती करतो आणि चालते. पण भर आंगणात, सासू-दीर समोर असताना, कुठली बाई उठून बहिणीच्या जागी बसणार? आमच्याकडं उठले ते पुरुष. त्यांनी पदर घेतल्यासारखं केलं, आवाज बारीक केला, लोक हसले. बहिणीचा प्रश्न हवेत गेला.

तिसऱ्या प्रयोगाला मी शाईची डबी नटाकडून काढून प्रेक्षकातल्या एका बाईकडं दिली. चाळिशीची असेल, सासरच्या पिवळ्या टोळीतली, तोवर एक शब्द बोललेली नव्हती. सांगितलं एवढंच की मोठा भाऊ मागेल तेव्हा झाकण उघडून पुढं धरायची. प्रवेश सुरू झाला. मोठा भाऊ म्हणाला, "आण डबी." बाईने झाकणावर अंगठा ठेवला. उघडेना. त्याने हात पुढं केला, पुन्हा म्हणाला, "आण बाई, रात होऊन राहिली." तिने डबीकडं पाहिलं, पाटावरच्या बहिणीकडं पाहिलं, आणि डबी कमरेला खोचली. पदर वरून ओढून घेतला. म्हणाली, "सकारपासून उपाशी हाय ते. आधी तिले जेवू द्या, मंग पाहू."

आंगणात कुणी हललं नाही. आमचा मोठा भाऊ, पक्का झाडीपट्टीचा गडी, तीन-तीन पानांची स्वगतं पाठ असलेला, त्याला पुढचं वाक्य सुचेना. माझ्याकडंही द्यायला वाक्य नव्हतं. शेवटी वहिनीचं काम करणारी पोरगी आत गेली आणि खरंच ताट वाढून आणलं. भात, वरण, वांगं-वालाची भाजी. बहीण जेवली. सगळ्यांनी तिला जेवताना पाहिलं. नाटक तिथंच संपलं. आम्ही ठरवलेला एकही शेवट झाला नाही.

बहिणीच्या जागी जायला ती बाई कधीच उठली नसती. डबी हातात होती म्हणून तिला उठावंच लागलं नाही.

यातून तालमीचा नियम निघाला. दिलेलं प्रत्येक काम नाकारलं गेलं तर पुढं काय, हे नटांना पाठ हवं. कंदील विझवला तर? वही वाचणाऱ्याने वही मिटली तर? सुपारी कातरणारा पंच झोपला तर? (झोपला आहे.) प्रत्येकाला दोन वाटा काढून ठेवा. शेवटही तीन बसवा: अंगठा होतो, होत नाही, आणि "उद्या पाहू". अकरापैकी नऊ प्रयोग शेवटापर्यंत गेले. त्यात दोनदा अंगठा झाला, तीनदा झाला नाही, चारदा उद्यावर गेलं. उद्यावर जाणंच सगळ्यात खरं वाटतं, वाटणीवाल्या घरांत तसंच होतं.

तालीम आणि खोटे पाहुणे

नुसत्या नटांची तालीम आठ दिवस पुरे. त्यापुढं खोटे पाहुणे आणा. मी दहावीतली सहा पोरं बोलावतो आणि सांगतो, जेवढा त्रास देता येईल तेवढा द्या. एक जण सारखं "तू तर अमक्याचा पोरगा" म्हणून नटाला खऱ्या नावाने हाक मारतो. एक मोबाईल काढून शूटिंग करतो. एक दलालाच्या पिशवीत हात घालतो. नटाने चिडायचं नाही आणि हुशारीही करायची नाही. नवख्या नटाला भरपूर सुचतं आणि तो पाहुण्याशी जुगलबंदी करत बसतो, सात मिनिटांची पंधरा होतात, तिकडं बादली रिकामी वाजत राहते. आमच्या नटांना तीनच उत्तरं दिली आहेत: "होय जी", "ते दादाले विचारा", आणि काहीच न बोलता हातातलं काम पुढं करणं. तिसरं सगळ्यात उपयोगी.

अतिउत्साही पाहुणा दर प्रयोगाला एक असतोच. प्रत्येक टोळीत मावसभाऊ शिरल्यासारखा शिरतो, सगळ्यांच्या आधी बोलतो. त्याला गप्प करू नका, पाणी भरायला लावा. दोन बादल्या वर ओढल्या की बोलण्याची हौस निम्मी होते, आणि तो खुशही असतो.

पिऊन आलेला मात्र दारातूनच परत. नाव ऐकून घ्यायचं, चहा पाजायचा, आत नाही.

जाणकार पाहुण्याला घाबरू नका. एका प्रयोगात निवृत्त तलाठी होते. भर आंगणात उभे राहून म्हणाले, हक्कसोड अशी घरी अंगठा मारून होत नाही, दुय्यम निबंधकाकडं नोंदवावी लागते, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित शेतात लेकीचा वाटा पोराइतकाच आहे. नट माझ्याकडं पाहायला लागले. मी तांब्या उजव्या हातातच ठेवला. धाकट्या भावाने तेवढं बरोबर केलं. म्हणाला, "होय जी, मंग उद्या तुमीच चाला आमच्यासंगं ऑफिसात." हे वाक्य आता संहितेत आहे. कागदही बदलला. आता अंगठा "उद्या ऑफिसात न्यायच्या अर्जावर" घेतात, म्हणजे तलाठ्यांची जात खवळत नाही.

संपल्यावर

लगेच टाळ्या नकोत, वाकून नमस्कार नको. पंगत बसवा. नट आणि पाहुणे एकाच पंगतीत. छत्तीस आणि आम्ही, मिळून मागच्या वेळी तेवीसशे रुपये लागले. तांदूळ घरचे होते. "कसं वाटलं" असं विचारू नका, सगळे "चांगलं होतं" म्हणतात आणि विषय मिटतो. "तुमच्याकडं काय काम होतं?" असं विचारा. मग ते काम सांगता सांगता बाकीचं निघतं. ज्याला बोलायचं नाही त्याला अजून भात वाढा.

कुणी पंगतीतून उठून बाजूला गेलं, डोळे पुसताना दिसलं, तर आमच्यातली एक बाई त्यासाठीच मोकळी ठेवलेली असते. तिने जवळ जाऊन बसायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. आपण लोकांच्या घरातल्या दुखऱ्या जागी हात लावतो, मलमपट्टीचं कुणीतरी पाहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सुपं, पाट, कंदील ज्याचे त्याला परत. घर सारवून द्या, पायांचे ठसे ठेवून जाऊ नका. विहिरीवरची चाकं सोडायला विसरू नका, एकदा विसरलो होतो आणि घरमालकिणीने सकाळी जे काही ऐकवलं ते कुठल्याच संहितेत बसणार नाही.

शाईच्या डब्या दोन घेऊन ठेवा. त्या बाईने पहिली परत दिली नाही, आणि मी मागितली नाही.